भारनियमनाचं वेळापत्रक

स्मरणिकेसाठी केंद्राचा इतिहास हवाय,
दीडशे शब्दांत, सोमवारपर्यंत.
सोबत मान्यवरांच्या नावांची यादी आलीय.
यादीत गड्डम नाही.

म्हणून हे स्मरणिकेसाठी नाही.

साखर पेठेत, टॉवेलच्या गोदामावर एक खोली.
बाहेरचा आवाज अडवायला भिंतींवर ठोकलेल्या चादरी,
सगळा सेकंड माल, विणताना मोराची मान चुकलेला.
अठ्ठावीस मोर, अठ्ठावीस मोडक्या माना,
आणि मधोमध एक मायक्रोफोन.
पहिल्या दिवशी एवढंच होतं. आणि डास.

मी नोंदवहीवर.
कुठलं गाणं, किती वाजता, कुणाच्या फर्माईशीवर.
पोस्टकार्डं चार भाषांत यायची.
कन्नड घरचं, तेलुगू शेजारातून शिकलेलं,
उर्दू कार्ड घेऊन मी खाली रज्जाक टेलरकडे जाई.
तो आधी तुरपाई संपवायचा, मग वाचायचा,
मजकूर नाजूक असला तर दोनदा.

विडी घरकुलातल्या इरव्वा गुर्रमनं
कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं :
तुमचं एक गाणं म्हणजे माझ्या दहा विड्या,
आलाप लांबला तर बारा.
जाहिरातीला हात थांबतो, कमी लावा.
गाण्याला ती पाट म्हणे, तेलुगूतलं.
मराठीत पाट म्हणजे वाहतं पाणी.
चार दिवसांनी येणाऱ्या नळाची वेळही
आम्हीच सांगायचो, दोन गाण्यांच्या मधे,
आणि खरं बोलायचं तर
पुष्कळ लोक तेवढ्यासाठीच ऐकायचे.

आता गड्डम. अंबाजी गड्डम.
बारा वर्षं मागावर काढलेली, उजवा कान गेलेला.
डाव्या कानानं गाणी निवडायचा.
तोच एकदा म्हणाला,
कारखान्यात आपण कुणाला ऐकूच जात नाही.
शेडशेडमध्ये रेडिओ होता,
खिळ्याला टांगलेला, सेलवरचा,
जाळीवर सुताची लव साठलेला,
आणि त्याच्यावर दिवसभर खटाखट, खटाखट.
मग लावतात कशाला?
असू दे म्हणून, म्हणाला.

मग भारनियमन आलं.
पेपरातलं वेळापत्रक कापून
त्यानं मिक्सरच्या वर चिकटवलं.
पूर्व भाग : सव्वाअकरा ते पावणेतीन.
आमच्याकडे ट्रॅक्टरच्या सहा बॅटऱ्या होत्या.
त्या सकाळी तो काहीबाही लावत राहिला,
भरतीची गाणी.
मी म्हटलं, काय झालंय आज?
अकरा तेराला फेडरवर बोट ठेवलं
आणि डावा कान खिडकीकडे केला.

माग थांबले.
एकदम नाही, गल्लीगल्लीनं.
कुठंतरी एक धोटा उगाच
आणखी एकदा जाऊन आला.
मग कधीच न ऐकलेली शांतता,
आणि तिच्यात
शेकडो खिळ्यांवरून एकच सारंगी.

त्या साडेतीन तासांची मजुरी मिळायची नाही.
हे लिहायलाच हवं, नाहीतर फार गोड होईल.
अशोक चौकातून कार्ड आलं होतं, बिननावाचं :
गाणं झकास. पण गाण्यानं मीटर भरत नाहीत बे.
गड्डमनं ते हवेवर वाचलं, जसंच्या तसं,
आणि पुढचं गाणं लावलं.

भारनियमन संपलं. बातमी आम्हीच दिली.
कागद मात्र त्यानं काढला नाही.
पिवळा पडला, कोपरे सुटले,
तरी निवृत्त होईपर्यंत, चार वर्षं,
अकरा तेराला तो सगळ्यात चांगलं गाणं लावत राहिला.
माग चालूच असायचे.
साहेब म्हणायचे, हे संध्याकाळी लावा की, लोक ऐकतील.
तो हो म्हणायचा.

नोंद मी करत होते.
चौदाशे आणि काही गाणी,
'कुणाच्या फर्माईशीवर' हा रकाना कोरा.

दीडशे शब्द सोमवारी देईन.
स्थापना, उद्घाटन, मान्यवर, आभार.
मधे कुठंतरी 'अकरा तेरा' एवढंच सरकवेन.
छपाईची चूक वाटली तर वाटू दे.