कमी पडू नये म्हणून

हडर्सफील्डच्या क्रिकेट क्लबचा हॉल,
दुपारी दोन ते रात्री साडेदहा.
फ्रीज एकच, त्याचं दार नीट लागत नाही,
पुढे खुर्ची लावावी लागते,
हे केअरटेकर बाईंनी किल्ली देतानाच सांगितलं.

माणसं चौसष्ट.
गॅसच्या बिलाच्या पाठीवर मी गणित मांडते:
माणशी तीन कोथिंबीर वड्या,
म्हणजे एकशे ब्याण्णव,
म्हणजे कोथिंबिरीच्या किती जुड्या
आणि त्या निवडायला किती हात.

डेरेकच्या बहिणीने ॲलर्जीच्या रकान्यात लिहिलंय,
'काही नाही, पण फ्लॉवरशी माझं जमत नाही.'
त्याचे कालव्यावरचे जुने सोबती
बिअरशिवाय बसणार नाहीत
आणि लेस्टरचे मोरेश्वरमामा
बिअरच्या टेबलाशेजारी बसणार नाहीत.
क्लबने विचारलं, बार रोखीचा ठेवायचा का?
मामांना फोनवर हे सांगितलं, तर
पलीकडे इतकी शांतता
की मला वाटलं लाइन तुटली.
'पाहुण्यानं पाकीट काढायचं? आपल्या कार्यात?'
आयुष्यात थेंब न घेतलेला माणूस
दोन पिंपांचे पैसे संध्याकाळच्या आत पाठवून मोकळा.

सोलकढीचं मात्र ठरत नव्हतं.
डब्यातलं नारळाचं दूध, आमसुलं मामांकडची,
डेरेकने एक घोट घेतला, चेहरा सरळ ठेवला,
म्हणाला, 'रंग फार सुंदर आहे.'
आई हसली. इतकी हसली
की चष्मा काढून पुसावा लागला.
सोलकढी यादीत राहिली. वीस ग्लास.

'आणि गोड काय?'
टेबलापलीकडे मटार सोलत बसलेली आई,
वय वर्षं एकसष्ट, मान वर न करता म्हणाली,
'श्रीखंड नको.'

ते मला माहीत होतं. घरात सगळ्यांनाच होतं.
तिच्या पहिल्या लग्नात, मिरजेला,
तिसऱ्या पंगतीला श्रीखंड संपलं.
आजोबा पानापानाशी हात जोडत फिरले म्हणे,
एकेकाला जिलबीचा आग्रह करत.
आणि ते रिकामं पातेलं
तिच्या सासरी एकतीस वर्षं खरवडलं गेलं:
बारशाला, वास्तुशांतीला,
मी दहावीत गणितात राहिले तेव्हा,
बाबांच्या तेराव्यालासुद्धा
कुणीतरी हळूच विचारलंच,
'या वेळी तरी पुरेसं केलंय ना?'

म्हणून मी प्रत्येक आकड्यात दहा मिळवत होते.
चौसष्टचे चौऱ्याहत्तर,
पोर्क पाय वेगळ्या टेबलावर, वेगळ्या सुरीसकट,
काकडीची सँडविचं दोन ट्रे जास्त,
चहाच्या पिशव्या, लिंबाचं सरबत,
बर्फ, आणखी बर्फ,
पेढे चार किलो. नाही, पाच.

आईने बिल माझ्या हातून घेतलं.
मटाराने नखं हिरवी झालेली.
चौऱ्याहत्तर खोडून चौसष्ट केले,
जरा थांबली,
मग साठ.

'अगं, कमी पडेल!'
'पडू दे की एकदा,' ती म्हणाली,
'बघू तरी, काय होतं.'
आणि पुन्हा शेंगांकडे वळली,
एक दाणा निसटून टेबलाखाली गेला, तो जाऊ दिला.

डेरेकला मराठी येत नाही,
पण खोडलेला आकडा त्याला वाचता आला.
तो म्हणाला, हॉलसमोरचं चिप्सचं दुकान
शनिवारी नऊपर्यंत उघडं असतं,
मालक ओळखीचा आहे.

मी यादीच्या तळाला दुकानाचा नंबर लिहिला.
त्याखाली, विसरायला नको म्हणून:
फ्रीजपुढे खुर्ची.