खिडकीचं तेवढं राहिलं

दाराच्या बिजागरीला साबण.
ओला नाही, कोरडा; वडी झिजून नखाएवढी उरते ना, ती.
घासायची, आणि दार दहादा उघडमीट करायचं.
तेल घालू नये. तेलाला धूळ चिकटते,
महिन्याभरात दार पुन्हा रडायला लागतं.
हे मला खालच्या दुकानातल्या फुरिओनं सांगितलं,
जो स्वतः तेल विकतो.

गळक्या नळाला दोरा.
वायसर बदलायला माणूस येईल तेव्हा येईल,
त्रिएस्तेत माणूस येईल तेव्हाच येतो.
तोवर तोटीला सुती दोरा बांधून
टोक खाली मोरीत सोडायचं.
थेंब दोऱ्यावरून उतरतो, चोरपावलांनी.
पाणी जातं ते जातंच,
झोप जात नाही.

अडणाऱ्या खणाला मेणबत्ती,
एर्विनोच्या कोटाच्या चेनला शिसपेन्सिल.
पस्तीस वर्षं बंदराच्या कचेरीत आकडे मांडले मी,
घरात दुसरं काही नसेल, पेन्सिली आहेत.

एर्विनो माझा भाऊ, सात वर्षांनी मोठा.
एके काळी जहाजांच्या पोटात शिरून
घराएवढी इंजिनं खोलायचा.
आता पेपर उघडतो.
मी काहीही दुरुस्त केलं की
पेपरातून मान वर न काढता म्हणतो,
वा, ओन्दिना, घर कसं शांत झालं!
आणि मी, या वयात, फुशारते.

फेब्रुवारीत बोरा सुटला.
तीन दिवस, तीन रात्री.
रस्त्यात लोक खांबांना मिठ्या मारत चालले होते,
कुणाची तरी टोपी आमच्या तिसऱ्या मजल्यावरून गेली.
स्वयंपाकघरातली खिडकी तर
तापात दात वाजावेत तशी वाजत होती.
तिचाही उपाय ठाऊक होता मला:
बाटलीचं बूच उभं चिरून फटीत ठोकायचं.
पण बाटली अजून संपली नव्हती.

एर्विनो पावाचे कण बोटानं टिपत बसला होता.
म्हणाला,
खिडकीचंही केलंस वाटतं. छान.

मी खिडकीकडे पाहिलं.
मग त्याच्याकडे.
कपातली कॉफी थरथरत होती
आणि तो हसत होता, कौतुकानं.

टेबलाच्या पायाखालची घडी मात्र त्याची.
तिला मी कधी हात लावला नव्हता,
टेबल डगमगत नव्हतं, कशाला लावीन?
त्या दुपारी तो झोपल्यावर
गुडघ्यावर बसून ओढून काढली.
चार पदरी, नखानं दाबून पक्की केलेली.
इस्पितळाची चिठ्ठी.
कानाचा विभाग. तारीख नोव्हेंबरची,
सकाळी नऊ चाळीस.

म्हणजे दाराचं कुरकुरणं, नळाचं टपटपणं,
सगळं माझ्या एकटीचंच होतं.
आणि ती शाबासकी?
बहुतेक माझ्या हातातला साबण बघून.

बराच वेळ तशीच बसले फरशीवर.
मग उरलेली वाइन एका घोटात संपवली,
बूच चिरलं,
अर्धं टेबलाच्या पायाखाली गेलं,
अर्धं कुठे गडगडलं ते सापडलं नाही.
त्याची खुर्ची हातभर सरकवून
माझ्या खुर्चीसमोर आणली.
दिवा थोडा खाली ओढला,
उजेड माझ्या तोंडावर पडेल असा.

संध्याकाळी तो बघत राहिला.
हे काय?
असंच, म्हटलं. सावकाश, ओठ नीट उघडून.
आणि चिठ्ठी त्याच्या बशीत ठेवली.

त्यानं ती पुन्हा चार पदरी केली.
पण खाली वाकला नाही.
खिशात घातली.

नवी तारीख मंगळवारची मिळाली.
वारा पडला नव्हता, खिडकी वाजतच होती.
एर्विनोनं कोट चढवला,
खाली मान घालून चेन धरली, ओढली,
आणि ती एका झटक्यात
हनुवटीपर्यंत वर गेली.