राजीखुशीने

साकोली तहसिलीसमोरच्या टिनाच्या शेडात
माझं टेबल तिसरं.
पहिलं स्टॅम्पवाल्याचं, दुसरं झेरॉक्सवाल्या पोराचं,
मग मी, तितिरमारे, दस्तलेखक,
एकोणतीस वर्षांचा.
म्हणजे धंद्याला एकोणतीस. वयाचं विचारू नका.

धनपाल भेंडारकर माघात आला होता.
बाप गेला, फेरफारात बहिणीचं नाव चढलं.
चुलबंदच्या अंगाला सत्तावन्न आर धानाची बांधी,
धुऱ्यावर मोहाची दोन झाडं.
"बहीण आयर्लंडात नर्स हाय जी,
तिले कायले पायजे जमीन?
हक्कसोड करून द्या, मी पाठवतो."

मी टाईप केलं.
लिहून देणार छबिता केवळराम भेंडारकर,
वय छत्तीस, धंदा नोकरी,
मूळ राहणार खैरीटोला, हल्ली मुक्काम लिमरिक
(या गावाची अक्षरं मी दोनदा विचारून घेतली),
नशापाणी न करता, अक्कलहुशारीने, राजीखुशीने,
कोणाच्याही दबावाला बळी न पडता.

नांगराचा बैल धुरा आला की आपणच वळतो,
तशी बोटं वळतात या ओळीवर.
समोर बसलेल्या बाईला
मी कधी विचारलं नाही, बाई, खुशी आहे ना?
ती अंगठ्याची शाई पदराला पुसत असते.
भाऊ चहा सांगत असतो.

पुढचं धनपालच सांगायचा, येता-जाता, वैतागून.
तिकडचा नोटरी अकरा दिवसांनी वेळ देते.
एका सहीचे इतके घेते
की त्यात तुमचं टेबल खुर्चीसकट येईन जी.
पासपोर्ट पाहिला, विजेचं बिल पाहिलं,
मग म्हणे ही भाषा मला येत नाही,
ओळन् ओळ इंग्रजी करून आणा.
आणली तर म्हातारा पेन खाली ठेवून बसला,
म्हणे, हे तुमच्या मर्जीनं आहे का?
"आता एवढ्याश्या गोष्टीले
अर्धा तास लागते का जी कोणाले?"

मी काही बोललो नाही.
रिबनीला तेल दिलं.

लिफाफा आला तेव्हा शेडाखाली ऊन असं
की कार्बनपेपर टेबलाला चिकटत होता.
लाल सील, हिरवी फीत,
मागं अपोस्टिलचा चौकोनी कागद टाचलेला.
पानापानावर सही. मराठीत,
वर शिरोरेषा ओढलेली, शाळेतल्यासारखी.
आणि पान तीनवर, अकराव्या ओळीत
एकच शब्द निळ्या शाईनं आडवा मारलेला.
समासात छ. के. भे.
त्याच्यावरही नोटरीचा गोल शिक्का.
बाकी सगळं तसंच. नशापाणी नाही. अक्कलहुशारी आहे.

धनपालनं वाकून पाहिलं.
"सही तं हाय ना जी? मग झालं."
निबंधक साहेब वाचतील ना, मी म्हणालो.
"ते कुठं वाचतेत."
खरं आहे. कुणीच वाचत नाही.
लिहिणाराही नाही.

"तेवढा शब्द वरून टाईप करून देता येईन का?"
मशीन समोरच होतं.
र ची कळ कुठं आहे हे बोटांना ठाऊक होतं.
मी हात मांडीवर ठेवले.

तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला.
शिरोरेषेवरून नख फिरवलं.
मग कुणाला तरी सांगावं तसं म्हणाला,
"मोहफुलं तीच वेचे जी. पहाटे.
मी झोपूनच राहो."

लिफाफा पिशवीत टाकला, गाडीला किक मारली.
आलेला दस्त चार महिन्यांत नोंदवावा लागतो,
हे मी मागून ओरडून सांगितलं. ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

खाडाखोड असली तर दस्ताच्या शेवटी
लेखकाला टीप लिहावी लागते, असा रिवाज आहे.
ती मी त्याच्यासमोरच लिहिली होती, हातानं,
आयुष्यात पहिल्यांदा शब्द जुळवून:
पान तीन, ओळ अकरा. एक शब्द खोडला आहे.
खोडला तो बरोबर.