अर्धी पानं

मसाकाहून कच्च्या रस्त्याने आत वळलं
की मुतुबाच्या झाडाखाली आमची रोपवाटिका.
साडेचार हजार काळ्या पिशव्या,
एकेकीत कॉफीची बोटभर कांडी,
कांडीला दोन पानं, दोन्ही अर्धी छाटलेली.
"पुऱ्या पानाला पुरी तहान," नान्तोंगो सांगायची,
"आणि मुळं नसलेल्याला तहान परवडत नाही."
मी वहीत लिहून घेतलं.
तेव्हा मी सगळंच वहीत लिहून घ्यायचे.

मर रोगाने आजूबाजूच्या टेकड्यांवरची कॉफी
उभ्या उभ्या वाळवली होती.
एकच झाड तगलं, कुणाच्याशा शेळ्यांच्या खोपटामागचं.
आमची सगळी पिलावळ त्या एका आईची.
फूल नाही, भुंगा नाही, बी नाही;
फक्त तीच,
साडेचार हजार वेळा तीच.

खत सेकिट्टोच्या हातचं.
मटोक्याच्या साली, कॉफीचं भूस, लेंड्या,
वर केळीच्या सोपटांचं पांघरूण.
ढिगात कोपरापर्यंत हात घालून
तो थोडा वेळ गप्प राहायचा.
"अजून ताप आहे हिला. झोपू दे."
मी थर्मामीटर खुपसायचे. एकसष्ट.
"मग मी काय सांगत होतो?"

पावडर मात्र त्याला कधी पटली नाही.
कंपालाहून आलेली चपटी डबी,
मुळं फुटायचं औषध, पिठासारखं पांढरं.
त्याने हुंगून पाहिली, परत दिली.
"जिला वास नाही, तिच्या मनात काय आहे
ते मला कळत नाही."

नान्तोंगो भाचीच्या लग्नाला गेली,
डबी माझ्याकडे आली.
चिमूटभर पुरते, म्हणजे मूठभर घातली
तर मुळं किती, हा हिशेब
मला कुणी घातला नव्हता.
तीनशे बारा कांड्या मी घोळवल्या,
तळायला घ्यायच्या मासळीसारख्या.

सहाव्या आठवड्यात उपटून पाहिल्या.
बुडाशी फिकट गाठी, टम्म,
आणि मूळ एकही नाही.
वाढ होती,
कुठे जायचं ते विसरलेली.

सेकिट्टो रागावला नाही, हसलाही नाही.
मला मुतुबापाशी नेलं.
आठवड्यापूर्वीच त्याने साल सोलली होती,
मोगरीने ठोकून कापड करायला,
आणि नागड्या खोडाला केळीची पानं गुंडाळून
सुतळीने बांधली होती.
एक पान त्याने नखभर उचललं.
आत ओल, आणि ओलीवर काहीतरी धरत होतं,
दुधावर साय धरते तसं.
"मी काहीच लावलं नाही," तो म्हणाला.
मग जरा थांबून:
"उन्हाला मात्र उभं केलं नाही."
आणि पान पुन्हा झाकलं.

पुढच्या कांड्यांना मी पावडर लावली.
होय, लावलीच.
डबीत टेकवायची, पिशवीच्या काठावर झटकायची,
झटकायची पुन्हा.
शंभरातल्या ब्याऐंशींना मुळं फुटली. त्याला दाखवली.
एक मूळ त्याने नखावर घेतलं,
नाकाशी नेलं.
"हिला वास आहे," एवढंच.

पाचव्या महिन्यात सावली उतरवायची असते.
एकदम नाही: छपरातल्या गवताची एक ओळ आज,
एक चार दिवसांनी.
तिसरी ओळ काढली त्या संध्याकाळी
तो शेळ्या बांधून आला, पायरीवर बसला,
आणि उठला नाही.
त्याच्याच मोगरीखालचं, वीटकरी रंगाचं कापड
पेटीत घडी घालून ठेवलेलं निघालं,
आणि ते त्याला पुरलं.

चौथ्या ओळीचा दिवस दफनाच्या दुसऱ्या दिवशी येत होता.
नान्तोंगो म्हणाली, राहू दे आज.
मी शिडी लावली.
अर्ध्या पानांच्या वर आता पुरी पानं होती,
ऊन पडलं तशी थोडी मान टाकली त्यांनी,
चारच्या सुमाराला उचलली.

मग ढिगाकडे गेले. उलटायचा वार होता.
माझ्या त्या तीनशे बारा कांड्या
त्याने यातच टाकल्या होत्या कधीतरी,
वहीत त्याची नोंद नाही.
थर्मामीटर खिशात होता.
मी बाही वर केली,
कोपरापर्यंत हात घातला.

अजून ताप होता.
मी पांघरूण सारखं केलं.