तुटक रेषा

शुक्रवारी दुपारी, शारजात, इंडस्ट्रियल एरिया सहामध्ये,
एसीखालची बादली मी ओतून आलो
तेव्हा बारुइर साहेबानं टेबलावर एक फोटो ठेवला.
म्हणाला, याचा प्लॅन काढ.
ओव्हरटाइम नाही. जर्दाळू आहेत.

मठाचं नाव मला उच्चारता येत नाही,
त्यातला 'ख' घशाच्या फार आत राहतो.
त्याच्या आजीचं गाव तिथून दोन कोसांवर होतं.
'होतं' तो दोनदा म्हणाला.

दगड मसुरीच्या डाळीच्या रंगाचा.
भिंतीला दोन्ही अंगांनी घडीव चिरे
आणि मध्ये चुना-खडीचं पुरण.
भूकंपात घुमट गेला. मग लोकांनी चिरे नेले,
गोठ्याला, चुलीला, शाळेच्या पायरीला.
पोळी खाऊन पुरण टाकलेलं ताट
मी पहिल्यांदाच पाहिलं. ते उभं होतं.

मंडप मात्र शाबूत:
चार खांब, एकमेकींना छेदणाऱ्या कमानी,
छताच्या मधोमध भोक.
सेक्शन काढता काढता विचारलं, पावसाचं काय?
तो म्हणाला, बर्फाचं विचार.

दाराशेजारी लेख. साहेब बोट फिरवत वाचतो:
मी वानेनी, सरदाराची विधवा,
द्राक्षमळा आणि अर्धी गिरणी दिली.
वर्षातून चार दिवस माझ्या नावानं प्रार्थना व्हावी.
जो हे मोडील...
थांबा, म्हटलं, पुढचं मला ठाऊक आहे.
आमच्या वेशीवर गद्धेगाळ आहे,
वर चंद्र-सूर्य, खाली दगडात कोरलेली शिवी.
तिथून जाताना आई माझे डोळे झाकायची.
त्यानं पुढचं वाचलं. गाढव नव्हतं, सूर तोच.
मळा गेला, गिरणी गेली.
शाप अजून दाराशी उभा,
कुणाला लागावं हे न कळून.

काही चिऱ्यांवर एकेक अक्षर:
गवंड्यांच्या खुणा, मजुरी मोजायला.
समोरच्या टॉवरमध्ये जिन्याखाली
सेंट्रिंगवाल्या रामाशीषनं पेन्सिलीनं मारलेल्या रेघा
मला माहीत आहेत. गुरुवारी त्यावर प्लास्टर झालं.

नियम साधा आहे:
जे आहे ते सलग रेषेनं, जे नाही ते तुटक.
घुमट तुटक. वेदी तुटक. साधूंच्या कोठड्या,
सगळ्या ओळीनं तुटक.
लांबून पाहिलं तर कागदावर मुंग्या.

तिसऱ्या शुक्रवारी उत्तरेच्या भिंतीवर
साहेबानं पेन्सिल टेकवली. इथे दार होतं.
फोटोत नाही. कुठल्याच फोटोत नाही.
आजी सांगायची, सगळे पळत होते तेव्हा
ती शेळी घेऊन इथून आत शिरली.
मी विचारलं, तुटक काढू?
तो खिडकीकडे गेला. खिडकीबाहेर
टायरचं गोदाम आणि धूळ.

मी सलग काढलं.
बावीस वर्षांत जाणूनबुजून काढलेली
चुकीची रेषा एवढी एकच.

'रेखाटन' लिहिलेल्या चौकटीत
नावाऐवजी फक्त 'ध' घातला.
साहेबानं तो चष्मा वर करून पाहिला,
डब्यातला एक जर्दाळू पुढे केला.
मी बीसुद्धा फोडून खाल्ली.