मी तिसरी मरते

‘तळ्याकाठचं शिबिर’, भाग दोन.
भाग एक कोणी धड पाहिला नव्हता,
म्हणून त्यातली सात मिनिटं वासुदेव कापगतेनं
इथे पुन्हा चिकटवली, कुणाचं तरी स्वप्न म्हणून.
कुणाचं, ते शेवटपर्यंत कळत नाही.

एरवी तो लग्नांचे व्हिडिओ काढायचा.
त्यामुळे खुन्याची पावलं वाजण्याआधी
पडद्यावर दोन गुलाबी बदाम फिरत येतात
आणि एकमेकांत विरघळतात.

खुनी म्हणजे दुलीचंद राहांगडाले, भात गिरणीतला हमाल.
तोंडावर गिरणीचंच बारदान, डोळ्यांपुरतं फाडलेलं,
कपाळावर छापील: निव्वळ पन्नास किलो.
मागच्या भागात हा जळून मेला होता.
या भागात थोडा लंगडतो.

तळ्यातून तो उठणार, असं वहीत होतं.
पण वही दिवाळीत लिहिलेली, शूटिंग मे महिन्यात.
तलावात पाणी घोट्याएवढं, त्यात म्हशी बसलेल्या.
तर तो म्हशींमधून उठतो.
एक म्हैस वळून बघते
आणि पुन्हा रवंथ करू लागते.

मध्यरात्र भर दुपारी काढलेली, लेन्सवर निळा कागद लावून.
सावल्या पायांखाली गोळा झालेल्या,
कोकिळा ओरडतेय,
आणि पहाऱ्यावरचे सर टॉर्च धरून घाम पुसतायत.

मी तिसरी मरते.
शाळेच्या पडवीत, पावशीवर कैऱ्या चिरताना, पाठीमागून.
रक्त म्हणजे घट्ट शरबत, दोन बाटल्या.
मेले, आणि मिनिटभरात मुंगळे आले.
मानेवरून गालावर, गालावरून पापणीकडे.
मी हलले नाही.
नुसता उजवा डोळा मिटला, उघडला.
पुन्हा घ्यायला शरबत उरलं नव्हतं.
एकोणिसाव्या मिनिटाला आहे ते अजून.

चांगलं काय, ते सांगायलाच हवं.
एके दिवशी दुलीचंद साळ्याच्या लग्नाला गेला.
खुनीच नाही, तर काय काढायचं?
आम्ही सहा जणी गच्चीवर आडव्या, उशाशी पाण्याची कॅन.
लांबून बल्लारशाकडे जाणारी पॅसेंजर वाजते,
कोणी डबे मोजतं, कोणी म्हणतं, मी नर्स होईन,
कोणी काहीच म्हणत नाही.
चार मिनिटं. कुणीही मरत नाही.
पूर्ण सिनेमात तेव्हाच मला भीती वाटते.

आणि हेमकला उईके.
वहीत होतं, ती किंचाळत पळते.
ती पळालीच नाही. वळली, पदर खोचला, विचारलं,
“काऊन मारतेस गा आमाले?”
दुलीचंदला उत्तर पाठ नव्हतं.
बारदान श्वासानं आत-बाहेर होतंय,
हातातली कुऱ्हाड हळूहळू खाली,
आणि वासुदेव, देव जाणे का, कॅमेरा बंद करत नाही.
मग वीज गेली. ती खरीच गेली होती.

गिरणीच्या गोदामात चादर बांधून दाखवला.
मायला मी मरते हे सांगायचं राहून गेलं होतं.
पावशी उठली तशी ती पोत्यांवरून उभी राहिली.
अख्खं गोदाम गप्प, इतकं गप्प
वासुदेवला आयुष्यात पुन्हा मिळालं नाही.
मग माझा डोळा मिटला, उघडला.
“जित्ती हाये!” माय ओरडली, “पोरगी जित्ती हाये माही!”
आणि हशा असा फुटला
की पुढच्या चार खुनांना कोणी घाबरलंच नाही.

वासुदेव दोन महिने माझ्याशी बोलला नाही.
तिसरा भाग निघाला नाही.

काल त्याच्या पुतण्यानं फोनवर पाठवला.
लेकीनं एकोणिसावं मिनिट तीनदा मागे नेलं.
“मम्मी, चूक दिसते.”
दिसू दे, म्हटलं.
शेवटी नावं येतात,
माझं आडनाव चुकलंय
आणि म्हशीच्या मालकाचे आभार दोनदा मानलेत.