झाकण

ग्युमरीत थंडी भाडं न देता राहायला येते,
म्हणून ऑक्टोबर लागला की आम्ही फटी बुजवतो
चिंध्यांनी, मेणानं, गेल्या सालच्या वर्तमानपत्रानं.
माझं दुकान तीन पावलं लांब, दोन रुंद.
शेगडी, शिवणयंत्र, गिऱ्हाइकाचं स्टूल,
आणि मांडीजवळ सोल्यूशनचा पिवळा डबा, उघडा.
उघडाच बरा.
दर तळव्याला झाकण कोण फिरवत बसणार?

चार वाजले की कपाळात कोणीतरी चुका ठोकायचं.
मी म्हणायचो, वारा फिरलाय.
सातेनिक म्हणायची, चहा कमी करा.
डॉक्टर म्हणाला, चष्मा बदला.
चष्मा बदलला. चुका त्याच मापाच्या राहिल्या.
रविवारी मात्र डोकं पिसासारखं,
आणि ते श्रेय मी प्रार्थनेला देत आलो.

मग येरेवानहून भाची आली, नाझेली,
धूर आणि वाफा मोजण्याच्या नोकरीतली.
काडेपेटीएवढं यंत्र तिनं फर्म्यांच्या फळीवर ठेवलं.
आकडे चढत गेले,
पोरं जिना चढतात तसे, दोन-दोन पायऱ्या.
ती काही बोलली नाही.
उठली, झाकण शोधलं
(फळीमागे पडलं होतं, अकरा वर्षांची धूळ पांघरून)
आणि डब्यावर बसवलं.
तीस वर्षांच्या दुखण्यावर पहिला इलाज, फुकटातला.

दुसरा फुकट नव्हता.
शेजारच्या स्मबात पत्रेवाल्यानं नळी वळवून दिली,
वरच्या काचेच्या जागी पंखा बसवला, तोंड बाहेर.
चालू केला, तर शेगडीचा धूर
धुराडं सोडून उलटा खोलीत आला,
रुसून परतलेल्या जावयासारखा, ऐसपैस.
आम्ही तिघं रस्त्यावर खोकत उभे.
"मामा, जेवढं बाहेर जाईल तेवढं आत यायला नको?"
हे मला कळायला हवं होतं,
नाडीची भोकं जन्मभर मीच पाडली.
शेगडीमागच्या भिंतीत, खाली, दोन बोटांची फट ठेवली.
आता थंडी तिथून येते,
शेगडीला पाठ घासून, जरा माणसात येऊन.

आणि तिसऱ्याच दिवशी अर्पेनिक चुकली.
तिला दिसत नाही. गल्ली ती नाकानं वाचते:
पाव, साबण, मग मी, मग डावीकडे तिचं घर.
त्या दिवशी पाव आला, साबण आला,
मी आलोच नाही.
ती चालत राहिली थेट रेल्वेच्या फाटकापर्यंत.
औषधवाल्यानं हात धरून परत आणली.
दारात काठी आपटून म्हणाली,
"हमाझास्प, मेलास की दुकान विकलंस?"

खोटं कशाला सांगू, मनात आलं
की चारला घटकाभर झाकण काढून ठेवावं,
म्हातारीपुरतं.
नाझेलीनं नुसतं माझ्याकडे पाहिलं.

सकाळी मी लहान मुलांचे जुने फर्मे काढले, अक्रोडाचे,
ज्या पावलांचे ते, त्यांच्या मालकांना आता मिशा आहेत.
दोरीत ओवले, बाहेर नळीच्या तोंडाखाली टांगले.
माझी वापरून झालेली हवा त्यांना हलवते.
टक. टकटक. टक.
अर्पेनिक थांबते,
काठीनं तेवढंच उत्तर देते, वळते.

एक सांगायचं राहिलं.
नाक महिन्याभरानं परत आलं, हळूहळू.
आधी चामडं आलं, मग स्मबातचा तंबाखू.
परवा घरी जाताना जिन्यात माझ्याच कोटाचा वास आला,
सोल्यूशन, मुरलेलं, तीस हिवाळ्यांचं.
आमच्याकडे माझा कोट
दाराबाहेरच्या खिळ्याला असतो.
तो खिळा सातेनिकनं लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात ठोकला होता.
मी समजत होतो, बर्फ झटकायला.